‘अलाऊ’ दाबल्यानंतर सुरू होणाऱ्या फसव्या नोटिफिकेशन्स बंद कशा कराव्यात

मागच्या दिवाळीत सांगलीला मावशीकडे गेलो होतो. फराळाची ताटली पुढे ठेवता ठेवता तिने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “अरे, याला काय झालंय बघ जरा. चौकातल्या दुकानात दाखवला, तर तो म्हणाला व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावा लागेल, पाचशे रुपये होतील.” मी पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले, तर एकाखाली एक अशी नोटिफिकेशन्सची रांगच लागलेली होती. ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले आहेत’, ‘बॅटरी खराब होत आहे, आत्ताच दुरुस्त करा’, ‘तुमचे पार्सल अडकले आहे’, ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’. प्रत्येकीवर क्रोम ब्राउझरचे छोटे गोल चिन्ह होते आणि त्याच्या शेजारी, चष्म्याशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, एक पत्ता होता. काही अर्थ न लागणारी सात-आठ अक्षरे, मध्येच दोन आकडे आणि शेवटी डॉट. तो पत्ता मावशीने वाचलेला नव्हता, आणि दुकानदारानेही वाचलेला नव्हता.

फोनमध्ये व्हायरस नव्हता. आठवड्याभरापूर्वी मालिकेचा चुकलेला भाग शोधताना मावशी एका अनोळखी संकेतस्थळावर पोहोचली होती. तिथे व्हिडिओच्या काळ्या चौकटीवर ‘पुढे पाहण्यासाठी अलाऊ दाबा’ असे लिहिलेले होते, आणि तिने ते दाबले होते. त्या एका दाबण्याने त्या संकेतस्थळाला तिच्या फोनवर हवे तेव्हा संदेश पाठवण्याची परवानगी मिळाली. ती परवानगी काढून घेण्यास मला दोन मिनिटेही लागली नाहीत. फोन फॉरमॅट झाला असता, तर त्यातले नातवाच्या बारशाचे फोटो मात्र कायमचे गेले असते, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

हा त्रास ज्यांना पहिल्यांदाच होत आहे, किंवा घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर तो ज्यांना निस्तरायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील माहिती लिहिली आहे.

ही नोटिफिकेशन्स येतात कुठून

क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये आपल्या ४२ व्या आवृत्तीपासून संकेतस्थळांना नोटिफिकेशन पाठवण्याची सोय दिली, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत फायरफॉक्सनेही ती दिली. हेतू चांगला होता. ईमेल आले, बातमी आली, बैठकीची वेळ झाली, तर ते पान उघडे नसतानाही वापरणाऱ्याला कळावे. यासाठी संकेतस्थळाने आधी परवानगी मागायची, असा नियम आहे. परवानगीची ती छोटी चौकट संकेतस्थळ स्वतः दाखवत नाही, ती ब्राउझर दाखवतो. त्यात पत्ता असतो, ‘नोटिफिकेशन दाखवू इच्छिते’ अशा अर्थाचे एक वाक्य असते आणि ‘अलाऊ’ व ‘ब्लॉक’ अशी दोन बटणे असतात. फोनची भाषा मराठी असेल, तर हीच बटणे ‘अनुमती द्या’ आणि ‘ब्लॉक करा’ अशा नावांनी दिसतात.

या चौकटीतला मजकूर बदलणे संकेतस्थळाच्या हातात नसते. मात्र चौकटीच्या मागे जे पान असते, त्यावर काय लिहावे हे सर्वस्वी त्याच्या हातात असते, आणि सारी फसवणूक तिथेच होते. मागच्या पानावर यंत्रमानवाचे चित्र काढून ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे लिहिलेले असते. कधी ‘वय १८ पेक्षा जास्त असल्यास अलाऊ दाबा’, कधी ‘फाइल तयार आहे, डाउनलोडसाठी अलाऊ दाबा’ असे लिहिलेले असते, आणि सोबत बटणाच्या दिशेने हलणारा मोठा बाणही असतो. वाचणाऱ्याला वाटते की आपण व्हिडिओला, वयाला किंवा फाइलला होकार देत आहोत. प्रत्यक्षात होकार जातो तो नोटिफिकेशनला. खरी रोबोट-तपासणी पानाच्या आतच होते. ती चौकोनात खूण करायला सांगते किंवा वाहतुकीच्या सिग्नलची चित्रे निवडायला लावते, पण त्यासाठी नोटिफिकेशनची परवानगी ती कधीही मागत नाही. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात राहिली, तरी बहुतेक सापळे ओळखू येतात.

एकदा होकार मिळाला की ब्राउझर त्या पत्त्याची नोंद आपल्या यादीत करून ठेवतो, आणि त्या संकेतस्थळाचा सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये बसतो. पुढचे संदेश गूगलसारख्या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत थेट यंत्रावर येतात. त्यामुळे ते पान बंद केले, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, तरी नोटिफिकेशन्स येतच राहतात. ‘मी तर ती साइट कधीच बंद केली, मग हे कसे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण यादी साफ करताना तिचा उपयोग होतो. परवानगी ही एका विशिष्ट पत्त्यापुरतीच असते. त्यामुळे या लबाड संकेतस्थळांचे चालक एकाच नावापुढे वेगवेगळी अक्षरे जोडून अनेक पत्ते तयार ठेवतात. तुम्ही एका पत्त्यावर ‘ब्लॉक’ दाबलेत, तर पान तुम्हाला लगेच दुसऱ्या पत्त्यावर ढकलते आणि तिथे तीच चौकट पुन्हा येते. कंटाळून माणूस कधीतरी ‘अलाऊ’ दाबतोच, आणि काही वेळा दोन-तीनदा दाबतो. मावशीच्या फोनमध्ये असे चार पत्ते निघाले. एकच बंद करून मी थांबलो असतो, तर उरलेल्या तिघांचे संदेश चालूच राहिले असते.

आधी नोटिफिकेशन कोणाचे आहे ते पाहा

काहीही बंद करण्यापूर्वी ते कुठून आले आहे हे ठरवणे आवश्यक आहे. घाईने केलेला उपाय बहुधा चुकीच्या जागी केला जातो. नोटिफिकेशनवर टिचकी मारू नये. त्यावर बोट दोन सेकंद दाबून धरावे. तसे केले की ते कोणत्या ॲपचे आहे हे अँड्रॉइड सांगतो. ‘क्रोम’ हे नाव आणि सोबत एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिसला, तर हा लेख तुमच्याच त्रासाविषयी आहे. ‘सॅमसंग इंटरनेट’, ‘ऑपेरा’ किंवा ‘फायरफॉक्स’ असे नाव दिसले, तरी प्रकार तोच आहे, फक्त सेटिंग त्या त्या ब्राउझरमध्ये जाऊन बदलावे लागेल. टॉर्च, बॅटरी सेव्हर, फोन क्लीनर अशा एखाद्या ॲपचे नाव दिसले, तर दोष ब्राउझरचा नाही, आणि ते ॲप काढून टाकणे हाच सरळ उपाय आहे.

नोटिफिकेशनच्या खाली कधी कधी ‘बंद करा’, ‘रद्द करा’, ‘स्कॅन करा’ अशी बटणे दिसतात, त्यांच्याविषयी येथेच सावध करतो. संकेतस्थळाला आपल्या नोटिफिकेशनला स्वतःची बटणे जोडता येतात आणि त्यांना हवे ते नाव देता येते. त्यामुळे ‘बंद करा’ असे लिहिलेले बटण प्रत्यक्षात तेच लबाड पान उघडणारे असू शकते. नोटिफिकेशन हटवायचे असेल, तर ते बोटाने बाजूला सरकवावे आणि त्यातील बटणांना हात लावू नये. अपवाद क्रोमने स्वतः जोडलेल्या ‘साइट सेटिंग्ज’ किंवा ‘अनसबस्क्राइब’ या बटणांचा. मात्र कोणते बटण कोणाचे हे नवख्या माणसाला ओळखता येईलच असे नाही, म्हणून पुढे सांगितलेला सेटिंग्जमधला मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो.

अँड्रॉइड फोनवरील क्रोम

बहुसंख्य वाचकांचा फोन अँड्रॉइडचा आणि ब्राउझर क्रोम असेल, म्हणून हा भाग सावकाश सांगतो.

पहिली पायरी. क्रोम उघडा आणि कोपऱ्यातले उभे तीन टिपके दाबा. जी यादी उघडेल, तिच्यात खालच्या बाजूला ‘सेटिंग्ज’ असेल, ती दाबा.

दुसरी पायरी. सेटिंग्जच्या पानावर खाली सरकत ‘साइट सेटिंग्ज’ शोधा. वर ‘नोटिफिकेशन्स’ असे वेगळे नावही दिसते, पण आपल्याला ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जायचे आहे. तिथे कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन अशा परवानग्यांची यादी दिसेल. तिच्यात घंटीचे चिन्ह असलेली ‘नोटिफिकेशन्स’ ही ओळ दाबा. फोन मराठीत असेल, तर ही ओळ ‘सूचना’ या नावाने दिसू शकते. घंटीच्या चिन्हावरून ती सापडते.

तिसरी पायरी. या पानावर वरच एक मुख्य बटण असते आणि त्याखाली पत्त्यांचे गट असतात. काही पत्त्यांना परवानगी दिलेली असते, तर काही ब्लॉक केलेले असतात. परवानगी दिलेल्यांचा गट उघडा आणि एकेक पत्ता शांतपणे वाचा. स्वतःचे ईमेल, रोज वाचत असलेले वर्तमानपत्र, कार्यालयाचे संकेतस्थळ अशी ओळखीची नावे बाजूला काढली की जे उरते, ते जवळजवळ नेहमीच नको असलेले असते. एखादा पत्ता ओळखीचा आहे की नाही असा संभ्रम पडला, तर तो बंदच करावा. नोटिफिकेशन बंद केल्याने ते संकेतस्थळ बंद पडत नाही. ते पूर्वीप्रमाणेच उघडते आणि वाचता येते. फक्त त्याला तुम्हाला हाका मारता येत नाहीत.

चौथी पायरी. नको असलेल्या पत्त्यावर बोट ठेवा. पुढे जे पर्याय येतील, त्यांतून नोटिफिकेशनची परवानगी बंद करा. क्रोमच्या आवृत्तीनुसार येथे सरकवायचे बटण असेल किंवा ‘ब्लॉक’ असा शब्द असेल. ‘डिलीट’, ‘रिमूव्ह’ किंवा ‘रीसेट’ असाही पर्याय दिसतो, आणि दोहोंत फरक आहे. नोंद काढून टाकली, तर ते संकेतस्थळ पुढच्या भेटीत पुन्हा परवानगी मागू शकते. ब्लॉक केले, तर ते विचारूही शकत नाही. म्हणून फसव्या पत्त्यांसाठी ब्लॉकच निवडावे.

यादीतले सगळे पत्ते असे तपासून झाल्यावर पडद्यावर आधीपासून साचलेली नोटिफिकेशन्स बाजूला सरकवून टाका. त्यानंतर नवीन येता कामा नयेत.

आता मुख्य बटणाविषयी. ते बंद केले, की यापुढे कोणतेही संकेतस्थळ परवानगीची चौकट दाखवूच शकत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की आई-वडील, आजी-आजोबा आणि नव्याने फोन वापरू लागलेले कोणीही यांच्या फोनवर हे बटण बंदच ठेवावे. यावर घरोघरी एकच शंका येते, आणि ती रास्त आहे: ‘मग व्हॉट्सॲप वाजणार नाही का? बँकेचा मेसेज येणार नाही का?’ दोन्ही येतील. व्हॉट्सॲप, बँकेचे ॲप आणि एसएमएस यांचा क्रोमशी संबंध नाही. त्यांची नोटिफिकेशन्स वेगळ्या वाटेने येतात. येथे बंद होते ते फक्त ब्राउझरमधून येणाऱ्या संकेतस्थळांचे.

अँड्रॉइड ८ आणि त्यापुढच्या फोनवर हीच यादी आणखी एका ठिकाणी दिसते. फोनच्या मुख्य सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग ‘क्रोम’, मग ‘नोटिफिकेशन्स’ असे गेले, की परवानगी दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळासमोर वेगळे बटण असते. क्रोमच्या आतला मार्ग सापडला नाही, तर हा वापरता येतो. मात्र येथे क्रोमची सगळीच नोटिफिकेशन्स बंद करण्याचा मोह आवरावा, कारण त्यात फाइल उतरत असल्याची सूचनाही जाते.

संगणकावर

संगणकावर हा प्रकार अधिक भीतीदायक दिसतो, कारण नोटिफिकेशन उजव्या कोपऱ्यात विंडोजच्या स्वतःच्या सूचनांच्या शेजारीच उगवते, आणि त्यावर एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचे बोधचिन्ह चिकटवलेले असते. ‘तुमची मुदत आज संपली, संगणक धोक्यात आहे’ असे वाचून माणूस घाबरतो. पण त्या चौकटीत ब्राउझरचे नाव आणि एक पत्ता लिहिलेला असतो, तो शोधावा. खरा अँटिव्हायरस ब्राउझरच्या नावाने बोलत नाही.

क्रोममध्ये उजवीकडचे तीन टिपके, ‘सेटिंग्ज’, डावीकडे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’ असा मार्ग आहे. पानाच्या खालच्या भागात परवानगी दिलेल्या पत्त्यांची यादी असते. प्रत्येक पत्त्यापुढच्या तीन टिपक्यांत ‘ब्लॉक’ मिळते. वरच्या भागात कोणत्याही संकेतस्थळाला विचारूच न देण्याचा पर्याय आहे. विंडोजवर क्रोमची खिडकी बंद केल्यानंतरही क्रोम मागे चालू राहू शकतो आणि नोटिफिकेशन्स येत राहतात. ते नको असल्यास सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’ विभागात खिडकी बंद केल्यावर मागे चालू राहण्याचे बटण बंद करता येते, पण हा वरवरचा उपाय आहे. मूळ परवानगी काढणे त्याने टळत नाही.

मायक्रोसॉफ्ट एजमध्ये मांडणी जवळजवळ अशीच आहे. सेटिंग्जमध्ये ‘साइट परमिशन्स’ शोधून त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे. आवृत्तीगणिक हा विभाग इकडेतिकडे हलतो, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन’ हा शब्द इंग्रजीत टाकणे सर्वांत सोपे. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा, ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ असे जाऊन खाली ‘परमिशन्स’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’समोरचे ‘सेटिंग्ज’ बटण दाबावे. तिथे यादी साफ करता येते आणि नव्या विनंत्या रोखण्याच्या चौकोनात खूण करता येते. मात्र शेवटी ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरू नये, नाहीतर केलेले सारे वाया जाते. मॅकवरील सफारीत सेटिंग्जमधल्या ‘वेबसाइट्स’ या भागात डावीकडे ‘नोटिफिकेशन्स’ आहे, आणि तिथेही तळाशी असलेली खूण काढली की कोणतेही संकेतस्थळ विचारत नाही.

नोटिफिकेशनवर चुकून टिचकी पडली आणि संपूर्ण पडदाभर लाल पान उघडून भोंगा वाजू लागला, तर त्या पानावरचे काहीही दाबू नये आणि त्यावर दिलेल्या क्रमांकावर फोन तर मुळीच करू नये. एस्केप ही कळ काही क्षण दाबून धरावी. बहुतेक वेळा पान पूर्ण पडद्यावरून लहान होते आणि मग टॅब बंद करता येतो. नाही झाले तर ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबावे, किंवा कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातून ब्राउझर बंद करावा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पाने परत आणू का’ असे विचारले, तर नकार द्यावा. भोंगा वाजला म्हणून संगणकात काही शिरले असे होत नाही. तो त्या पानातला नुसता आवाज असतो.

आयफोनवर

आयफोनवर हा त्रास कमी दिसतो. मार्च २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.४ पासून संकेतस्थळांना तिथे नोटिफिकेशन पाठवता येते खरे, पण ते संकेतस्थळ वापरणाऱ्याने आधी होम स्क्रीनवर जोडलेले असावे लागते. आयफोनवर ‘व्हायरस सापडला’ अशा सूचना रोज ठरावीक वेळी येत असतील, तर बहुधा त्या कॅलेंडरमधून येतात. एखाद्या पानाने फसवून आपले कॅलेंडर फोनमध्ये जोडलेले असते. कॅलेंडर ॲप उघडून तळाचे ‘कॅलेंडर्स’ दाबावे, अनोळखी नावापुढचे ‘आय’ हे गोल चिन्ह दाबावे आणि ते कॅलेंडर काढून टाकावे. सगळ्या नोंदी एकदम जातात.

बंद करूनही येत राहिली तर

अनेकांना वाटते की ब्राउझरची हिस्टरी पुसली की सगळे पुसले गेले. तसे होत नाही. भेट दिलेल्या पानांची यादी वेगळी आणि दिलेल्या परवानग्यांची यादी वेगळी. नुसती हिस्टरी पुसल्याने परवानगी जागच्या जागी राहते.

दुसरे कारण असे की एकाच फोनमध्ये दोन-तीन ब्राउझर असतात आणि आपण एकातच यादी तपासतो. फोन विकत घेतानाच त्यात कंपनीचा स्वतःचा ब्राउझर भरलेला असतो आणि तो कोणी वापरत नाही असे आपण गृहीत धरतो, पण संदेशातला दुवा कधी कधी त्यातच उघडतो. म्हणून नोटिफिकेशन दाबून धरून ॲपचे नाव पुन्हा पाहावे. संगणकावर क्रोमची दोन प्रोफाइल्स असतील, तर प्रत्येकाची यादी स्वतंत्र असते. फोन आणि संगणक दोन्ही वापरत असाल, तर दोन्ही ठिकाणी पाहावे.

तिसरे कारण ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्रॅम. संगणकावर तीन टिपक्यांतून ‘एक्स्टेन्शन्स’ उघडून स्वतः बसवल्याचे आठवत नसलेले जे काही असेल ते काढावे. फोनवर काहीही न करता पडदाभर जाहिरात उघडत असेल, तर अलीकडे कोणते ॲप बसवले ते आठवावे, आणि सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ ही परवानगी कोणाकडे आहे ते पाहावे. दिवाळीचे ग्रीटिंग बनवणाऱ्या एखाद्या ॲपला ती परवानगी लागण्याचे काहीच कारण नाही.

टिचकी मारली गेली असेल तर

नोटिफिकेशन दाबले, पान उघडले आणि तुम्ही ते बंद केले, एवढेच झाले असेल, तर सहसा घाबरण्याचे कारण नाही. परवानगी बंद करा, ब्राउझरचे अपडेट आले असेल तर ते घ्या, आणि पुढे चला.

त्या पानावरून एखादे ॲप उतरवून बसवले असेल, विशेषतः प्ले स्टोअरच्या बाहेरून एपीके फाइल (ॲप बसवण्याची फाइल) घेऊन, तर मात्र प्रकरण नोटिफिकेशनपुरते उरत नाही. आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. ते ॲप काढून टाका. निघत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ या दोन ठिकाणी त्याला अधिकार दिलेले आहेत का ते पाहा, ते काढून घ्या आणि मग ॲप काढा. त्यानंतर प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या चित्रावर टिचकी मारून ‘प्ले प्रोटेक्ट’ने फोन तपासून घ्या. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र अशा प्रसंगासाठी मोफत साधने देते.

कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन दिला गेला असेल, किंवा कोणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप बसवले असेल, तर क्षणभरही न दवडता कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. वेळ का महत्त्वाची, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकावरून कळते. ग्राहकाने स्वतःच्या चुकीने माहिती दिलेली असली, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्या अंगावर पडते, पण कळवल्यानंतर जे होईल ते बँकेने सोसायचे असते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत. घरातल्यांनी अशा वेळी रागावण्याआधी फोन लावून द्यावा. यूपीआय ॲपमधली ‘ऑटोपे’ची यादीही त्याच दिवशी उघडून पाहावी, कारण एखाद्या खोट्या वर्गणीसाठी दरमहा पैसे कापण्याची मंजुरी तिथे दिली गेलेली असू शकते. ती तिथूनच रद्द करता येते.

चौकट पुन्हा समोर आली तर

लोक सर्वांत जास्त कधी फसतात, तर घाईत असताना. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, सामना सुरू होण्याच्या वेळी, सातबारा तातडीने हवा असताना. निकालाच्या दुपारी शोधयंत्रात पहिले जे दिसेल ते उघडले जाते, आणि त्यात नक्कल पाने असतात. राज्य मंडळाचा निकाल महरिझल्ट (mahresult) डॉट एनआयसी डॉट इन येथे लागतो, आणि विनास्वाक्षरी सातबारा महसूल विभागाच्या भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन येथे पाहता येतो. पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा आहे का, हे आधी वाचावे. आणि खऱ्या सरकारी पानालासुद्धा निकाल किंवा उतारा दाखवण्यासाठी नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही.

चौकट आलीच तर ‘ब्लॉक’ दाबावे. पान पुन्हा पुन्हा दुसऱ्या पत्त्यावर नेऊन विचारू लागले, तर त्याच्याशी हुज्जत न घालता सगळा टॅब बंद करावा. चुकून ‘अलाऊ’ दाबले गेले आणि ते लगेच लक्षात आले, तर पहिले नोटिफिकेशन येण्याची वाट पाहू नये. तिथल्या तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन तो पत्ता ब्लॉक करावा, कारण त्या वेळी कोणता पत्ता नुकताच आला हे आठवत असते.

ब्राउझर बनवणाऱ्यांनीही इतक्या वर्षांत काही बंदोबस्त केला आहे. जानेवारी २०२० पासून फायरफॉक्स ही चौकट आपण पानावर काही केल्याशिवाय पुढे आणत नाही. क्रोमने त्याच वर्षी विनंती गुपचूप बाजूला ठेवण्याची सोय दिली आणि पुढे फसव्या संकेतस्थळांच्या विनंत्या स्वतःहून अडवायला सुरुवात केली. हे लाभ मिळण्यासाठी ब्राउझर अद्ययावत असावा लागतो. मावशीच्या फोनमध्ये क्रोमचे अपडेट जागा नाही म्हणून महिनोन्महिने अडले होते. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पुसल्यावर जागा झाली, अपडेट उतरले, आणि मग मी मुख्य बटण बंद केले.

सफाई केल्यानंतर आठ-दहा दिवसांनी ‘नोटिफिकेशन्स’ची तीच यादी पुन्हा एकदा उघडून पाहावी. त्यात परवानगी मिळालेला नवा अनोळखी पत्ता दिसला, तर फोन वापरणाऱ्याला त्या दिवशी काय पाहात होता ते विचारावे. बहुधा एखादी मालिका, एखादे गाणे किंवा एखादा फॉर्म निघतो, आणि नेमक्या कोणत्या पानावरून हे येते ते सापडते. मग त्या मालिकेचे अधिकृत ॲप फोनवर बसवून द्यावे, म्हणजे ती शोधण्यासाठी त्या पानावर जाण्याची गरजच उरत नाही.